क्लॅरिनेटवर व्हायब्रेटो ‘चालत नाही’ हे ठरवलं कुणी?

माझी भाची क्लॅरिनेट शिकते. तिच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज तिने मला पाठवला: ‘पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात क्लॅरिनेट सरळ सुरातच वाजवतात. वाद्याच्या रचनेमुळे व्हायब्रेटो निघतच नाही. ब्राम्सला तो नको होता. ही जॅझमधून आलेली खोड आहे.’ व्हायब्रेटो म्हणजे सुराला दिलेलं हलकं डोलणं. तो सढळपणे वापरणाऱ्या इंग्लिश क्लॅरिनेटवादक रेजिनाल्ड केलला तिने हे वाचून ऐकणंच सोडलं, म्हणून लिहितेय.

रचनेचं लगेच संपवते. नळी एका टोकाला बंद असल्यासारखी वागते, म्हणून वरच्या पट्टीत जाताना क्लॅरिनेट सप्तकाऐवजी बाराव्या सुरावर उडी घेतं. व्हायब्रेटोचा तिथे संबंधच नाही. रीडवरचा (तोंडाशी कंप पावणाऱ्या पातळ पट्टीवरचा) ओठाचा दाब जबड्याने हलकेच कमीजास्त केला की सूर डोलतो. निघत नसता तर जॅझवाल्यांनी तो कुठून काढला?

संताप येतो तो जर्मन संगीतकार ब्राम्सच्या नावावर काहीही खपवल्याचा. संगीतलेखन थांबवायचं म्हणणाऱ्या ब्राम्सने १८९१ साली जर्मनीतल्या मायनिंगन ऑर्केस्ट्राचा क्लॅरिनेटवादक रिचर्ड म्यूलफेल्डला ऐकलं आणि त्याच्यासाठी ट्रिओ, क्विंटेट आणि १८९४ मध्ये दोन सोनाटा लिहिले. हा म्यूलफेल्ड त्याच ऑर्केस्ट्रात आधी व्हायोलिन वाजवायचा. लंडनचे क्लॅरिनेटवादक जॅक ब्रायमर यांनी लिहून ठेवलंय की म्यूलफेल्डबरोबर वाजवलेल्या एका वृद्ध व्हिओलावादकाला त्याचा व्हायब्रेटो ठळक आठवत होता, थेट त्या काळच्या नामवंत व्हायोलिनवादक योआखिमच्या व्हायोलिनपेक्षाही जास्त. आठवण ऐकीव आहे, कबूल. पण मेसेजवाल्याकडे तेवढाही आधार नाही.

जॅझची गोष्ट तर उलटीच आहे. केलच्या व्हायब्रेटोवर छाप होती ती जॅझची नव्हे, ओबोवादक लिऑन गूसन्सच्या वादनाची. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडन फिलहार्मोनिकमध्ये दोघे एकत्र होते. पुढे जॅझचा बेनी गुडमन स्वतः केलकडे शिकायला गेला.

एक मात्र खरं. बहुतेक ऑर्केस्ट्रांत सरळ सुराचीच रीत आहे. बर्लिनचे कार्ल लाइस्टर, क्लीव्हलंडचे रॉबर्ट मार्सेलस तसंच वाजवायचे आणि ते सुंदरच आहे. पण बॉस्टन सिम्फनीचे हॅरॉल्ड राइट मोजका व्हायब्रेटो घ्यायचे, लंडनचे ब्रायमर आणि जर्व्हास द पेयर उघडपणे. हे सगळे नावाजलेल्या ऑर्केस्ट्रांतले प्रमुख वादक. रीत म्हणजे नियम नव्हे.

भाचीला एवढंच सांगितलंय: मोझार्टच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोचा संथ भाग आधी मार्सेलसचा ऐक, मग कंडक्टर बीचमबरोबरचा ब्रायमरचा. आणि केलने बुश क्वार्टेटबरोबर वाजवलेलं ब्राम्सचं क्विंटेट पुन्हा लाव.