सर, आता नाही होत बॉक्सिंग

ऑफिसात पोरं मला थोडी टरकून असायची त्याचं एकमेव कारण म्हणजे बॉक्सिंग. ठोसेवालं नाही, डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग प्लॅटफॉर्ममधलं. कुणी पीआर, म्हणजे तपासायला पाठवलेला कोडमधला बदल, टाकला की त्यात कुठला इंट, म्हणजे साधा पूर्णांक, गुपचूप ऑब्जेक्ट होतोय, म्हणजेच बॉक्स होतोय, ते मी शोधत बसायचो आणि सापडला रे सापडला की खाली प्रवचन. इंट मुळात चार बाइटचा, पण त्याला ऑब्जेक्टमध्ये टाकला की ६४ बिट मशीनवर हीपवर, म्हणजे मेमरीच्या मोठ्या साठ्यात, २४ बाइट जातात, एका वेलदोड्यासाठी अख्खा पत्र्याचा डबा काढावा तसं, आणि मग गार्बेज कलेक्टर बसतो ते आवरत. वर कोडमध्ये हे दिसतही नाही, कंपायलर न बोलता उरकतो, त्यामुळे ज्याला दिसतं त्याला टीममध्ये जरा भाव असतो.

तर तो भाव आता दर नोव्हेंबरात उतरतो. २०२० पासून दरवर्षी तेव्हाच नवीन व्हर्जन येतं, घरात चकलीचा चुरा शिल्लक असतो आणि इकडे माझं अर्धं ज्ञान शिळं.

तसा हा खेळ जुनाच. २००२ च्या पहिल्या व्हर्जनमध्ये अ‍ॅरेलिस्ट नावाच्या यादीत इंट टाकला की बॉक्स ठरलेला, २००५ ला जेनेरिक्स आले, म्हणजे यादीत कुठला प्रकार ठेवायचा ते आधीच सांगता येऊ लागलं, आणि ते संपलं. पण एनमला, म्हणजे नावं दिलेल्या आकड्यांच्या प्रकाराला, डिक्शनरीची की, म्हणजे शोधायची किल्ली, केलं तर बॉक्सिंग चालूच. ते २०१० मध्ये ४.० नं साध्या एनमपुरतं मिटवलं, आणि त्याच ४.० नं, एनममध्ये एखादा बिट लागलाय का ते सांगणारी, हॅजफ्लॅग नावाची मेथड दिली जी दर कॉलला दोन बॉक्स करते! म्हणजे एका हातानं काढलं आणि दुसऱ्या हातानं परत घातलं, याला काय म्हणायचं?

मी हॅजफ्लॅगवर बंदीच घातली होती. अँपरसँड लावा, शून्याशी तुलना करा, पोरं निमूट कंस मोजत लिहायची. मग आमची एक सर्व्हिस नव्या डॉटनेटवर गेली आणि नुकत्याच लागलेल्या एका मुलीनं खुशाल हॅजफ्लॅग वापरला. मी नेहमीची कॉमेंट टाकली. थोड्या वेळात खाली बेंचमार्कचा स्क्रीनशॉट, अलोकेटेडच्या, म्हणजे किती मेमरी घेतली त्या, कॉलममध्ये नुसती आडवी रेघ, म्हणजे शून्य, आणि "सर, आता नाही होत." खरंच होत नाही, २०१८ च्या डॉटनेट कोअर २.१ पासून जिट, म्हणजे कोड चालताना त्याचा मशीन कोड करणारा कंपायलर, ती मेथड ओळखतो आणि स्वतःच बिट तपासून मोकळा होतो. मी म्हटलं, हेच जुन्या डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ वर चालव. चालवलं. ४८ बाइट! दोघंही बरोबर, आणि पीआर तसाच लोंबकळत.

स्ट्रिंग इंटरपोलेशनचं, म्हणजे मजकुरातच आकडे भरायचं, तर याहून वाईट. डॉलरवाल्या स्ट्रिंगमध्ये इंट घातला की आतून ऑब्जेक्टच मागणारं स्ट्रिंग फॉरमॅट, म्हणून बॉक्स, म्हणून मी सगळ्यांना डॉट टूस्ट्रिंग लावायला, म्हणजे आकड्याचा आधीच मजकूर करायला, शिकवलं, विकीवर पान केलं, त्याचं कौतुकही झालं. २०२१ ला डॉटनेट ६ मध्ये हे सगळं बदललं, आकडा बॉक्स न होता थेट बफरमध्ये उतरतो, आणि माझं ते टूस्ट्रिंग तिथे उलट एक जास्तीची स्ट्रिंग बनवून ठेवतं. ते पान अजून आहे, सगळ्यात जास्त लाइक्स त्यालाच आहेत.

आणि जे बदलायला हवं ते मात्र जागचं हलत नाही. दोन ऑब्जेक्टमध्ये पाच-पाच ठेवून डबल इक्वल्सनं विचारा, उत्तर फॉल्स, कारण डबे वेगळे. बॉक्स केलेल्या इंटला थेट लाँगमध्ये, म्हणजे मोठ्या पूर्णांकात, काढायला जा, एक्सेप्शन तोंडावर. इंटरव्ह्यूत विचारायला एवढंच काय ते टिकाऊ उरलंय. बाकी २०२४ च्या डॉटनेट ९ मध्ये बॉक्स मेथडच्या बाहेर जात नाही हे जिटला कळलं तर तो हीपऐवजी स्टॅकवरच, म्हणजे मेथड संपली की आपोआप मोकळ्या होणाऱ्या जागेत, ठेवून देतो, म्हणजे बॉक्स झाला असं म्हणायचं की नाही यावरच आमच्यात चहा संपेपर्यंत वाद.

सध्याचं दुखणं म्हणजे आमची कॉमन लायब्ररी, जी ४.८ साठीपण बिल्ड होते आणि नव्यासाठीपण. एकच ओळ, एका बिल्डमध्ये बॉक्स होते, दुसऱ्यात नाही. तीच मुलगी परवा डेस्कपाशी आली, "सर, मग यात टूस्ट्रिंग ठेवू की काढू?" मी विचार केल्यासारखं केलं आणि म्हटलं, "क्लायंट कुठल्या व्हर्जनवर तक्रार करतोय ते बघ आधी."

"दोन्हीवर," ती म्हणाली.

डेटाबेस स्लो होता.