पैसे जमा झाले का बघितलं, म्हणून मी उद्धट?

‘मालकीण उद्धट आहे. ग्राहकाला चोर समजते. इथे गाडी देऊ नका.’ एक स्टार. काल रात्री एका गिऱ्हाइकाने आमच्या गॅरेजबद्दल ऑनलाइन हे लिहिलंय आणि सकाळपासून माझं डोकं फिरलंय. शनिवारी संध्याकाळी याच माणसाने माझ्या काउंटरवर उभं राहून मला खोटं पेमेंट दाखवलं होतं. आणि उद्धट मी!

स्विफ्ट डिझेल, क्लच पूर्ण गेलेला. गिअरबॉक्स उतरवून क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळं बदललं. दादा आणि दोन पोरं दिवसभर गाडीखाली होती. बिल 9,800. जुने पार्ट पिशवीत घालून डिकीत ठेवले, ट्रायल मारून दाखवली, जॉब कार्डवर सही घेतली. त्याने क्यूआरसमोर मोबाइल धरला आणि लगेच माझ्या नाकासमोर हिरवी टिक नाचवली. “झालं बघा ताई, चावी द्या.”

साउंडबॉक्स गप्प. मी बँकेचं अ‍ॅप उघडलं, तर शेवटची एन्ट्री दुपारची, वायपर ब्लेडचे 450 रुपये. म्हटलं, आले नाहीत अजून. तर म्हणे सर्व्हर डाउन असेल. थांबू या म्हटलं, तर म्हणे शनिवार आहे, बँका बंद, सोमवारी पडतील. यूपीआयला शनिवार-रविवार कधीपासून लागायला लागले? रात्री दोन वाजता हायवेवर पंक्चर काढणाऱ्याला त्याच क्षणी पैसे मिळतात, आणि माझे 9,800 सोमवारपर्यंत कुठे मुक्काम करणार होते?

मग मी तो स्क्रीन नीट बघितला. पैसे घेणाऱ्याच्या जागी आमच्या गॅरेजचं नाव होतं, बोर्डावर रंगवलंय तसंच्या तसं. आमचं खातं आप्पांच्या नावावर आहे. आमचा क्यूआर कुणीही, कुठल्याही अ‍ॅपवरून स्कॅन करू दे, आप्पांचं बँकेतलं पूर्ण नावच येतं. गॅरेजचं नाव येतच नाही. म्हणजे याने बाहेर उभं राहून बोर्ड वाचला, खोटी पेमेंट दाखवणाऱ्या बनावट अ‍ॅपमध्ये नाव आणि रक्कम टाईप केली आणि टिक काढून दाखवली. क्यूआरसमोर मोबाइल धरणं हे निव्वळ नाटक. मी तोंडावर सांगितलं, हे पेमेंट आमच्या खात्यावर झालेलं नाही, बँकेतून करा.

तिथून जो आवाज चढला! मला ओळखत नाही का, माझा अमुक व्यवसाय आहे, दहा हजारांसाठी मी फसवीन का. आणि मग ते वाक्य, जे मी या काउंटरवर बसल्यापासून ऐकते आहे: “मालकांना बोलवा, तुम्हाला यातलं कळत नाही.” दादा ग्रीसचे हात घेऊन आला आणि म्हणाला, “हिशोब ती बघते, ती म्हणेल तसं.” पण खरी चीड मला आली ती शेजारच्या टपरीवरून चहाचा ग्लास घेऊन आत आलेल्या दोघांची. “जाऊ द्या हो ताई, चांगल्या घरचे दिसतात. सोमवारी पाठवतील.” तुमचे जाणार आहेत का 9,800? क्लचसेटचे पैसे मी दुकानदाराला आधीच मोजलेत. पोरांचा आठवड्याचा पगार शनिवारी द्यायचा असतो. चांगल्या घरचे दिसतात म्हणे! फसवायला येणारा माणूस फाटका शर्ट घालून येईल का? तो इस्त्रीचाच घालणार, कारण त्याला तुमच्यासारखे दोन साक्षीदार फुकटात हवे असतात.

शेवटी तो बाहेर गेला, कुणाला तरी फोन लावला, आणि थोड्या वेळाने भलत्याच नावावरून पैसे आले. साउंडबॉक्स बोलला. मी चावी दिली. माफी नाही, मान खाली नाही, काही नाही. जाताना दार आपटून गेला आणि आता एक स्टार.

गाडी अडवून ठेवली, पोलिसात जाईन, असंही तो ओरडत होता. जा. भारतीय करार कायदा 1872 चा आहे, त्याचं कलम 170 वाचून जा. ज्या वस्तूवर कारागिराने मेहनत आणि कसब लावलंय, ती तो त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत स्वतःकडे ठेवू शकतो, वेगळं काही ठरलेलं नसेल तर. दीडशे वर्षं झाली या कायद्याला. फक्त त्याच कामाचे पैसे, हेही खरं. मागच्या दिवाळीची उधारी आहे म्हणून आजची गाडी धरून ठेवता येत नाही, आणि उधारीवाल्यांना हे बरोबर माहीत असतं. आम्हाला मात्र आमचा हक्क माहीत नसतो. कुणी पोलिसाचं नाव काढलं की आमचं अर्धं उद्यमनगर, कोल्हापुरातला हा गॅरेज-कारखान्यांचा भाग, चावी देऊन मोकळं होतं.

आता विषय निघालाच आहे तर त्या तोतया आर्मीवाल्याचंही सांगते. फोन येतो, आवाज एकदम करडा. “मॅडम, आमच्या युनिटच्या सहा गाड्यांचं सर्व्हिसिंग करायचंय, अ‍ॅडव्हान्स लगेच पाठवतो.” व्हॉट्सअ‍ॅपवर वर्दीतला फोटो, आयकार्ड. मग म्हणतो, आर्मीच्या खात्याची पद्धत वेगळी आहे, मी क्यूआर पाठवतो, तुम्ही आधी एक रुपया टाका, दोन परत येतील. येतातही. मग म्हणतो, आता दहा हजार टाका, वीस येतील. आणि पिन टाकायला सांगतो. पैसे घ्यायला पिन लागतच नाही! पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. हे मी आमच्या पोरांकडून रोज म्हणून घेते. पण मला संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. सैनिक टाकळीसारखं गाव ज्या जिल्ह्यात आहे, जिथे टेंबलाईला टेरिटोरियल आर्मीची बटालियन आहे, त्या कोल्हापुरात वर्दी म्हटलं की माणूस उभा राहतो. आमच्या स्वतःच्या मामांनी नोकरी केलीय फौजेत. कुठल्या तरी खऱ्या जवानाचं आयकार्ड चोरून त्याच्या नावाने गॅरेजवाल्यांना लुटायचं, याला काय म्हणायचं?

आणि उद्यमवाले, छोट्या धंद्यांच्या सरकारी नोंदणीच्या नावाने फोन करणारे! “मॅडम, तुमचं उद्यम सर्टिफिकेट एक्स्पायर होतंय, 2,999 भरून रिन्यू करा.” उद्यमची नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट आहे, 2020 पासून फुकट आहे, आणि ते रिन्यू करावंच लागत नाही. मी असं सांगितलं की फोन कट. दुसऱ्या दिवशी दुसरा नंबर. गेल्या महिन्यात साउंडबॉक्स ‘अपडेट’ करायला एक पोरगा आला, गळ्यात कार्ड, हातात माझा मोबाइल मागायला लागला. भाडं बंद करतो, एक रुपयाचं पेमेंट करून पिन टाका म्हणे. कुठल्या शाखेतून आलास विचारलं तर गाडीला किक मारून पसार.

आमच्याच ओळीतला टायरवाला तर काही न करता भरडला गेला. कुणीतरी चार टायर घेतले, खरे पैसे दिले, साउंडबॉक्स बोलला, सगळं व्यवस्थित. ते पैसे कुठल्या तरी फसवणुकीतले निघाले. परराज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आलं आणि बँकेने त्याचं अख्खं खातं गोठवलं. त्या चार टायरांचे पैसे धरून ठेवा ना, बाकीच्या पैशांनी काय केलंय? त्याचं दुकानाचं भाडं अडकलं, पोराची फी अडकली. बँक म्हणते पोलिसांकडून पत्र आणा, पोलीस म्हणतात ईमेल करा. त्याच्याकडे पक्कं बिल होतं, बिलावर गाडीचा नंबर होता, कॅमेऱ्यात माणूस दिसत होता, म्हणून निदान काहीतरी पुढे ठेवता आलं. तेव्हापासून मी 300 रुपयांच्या बल्बलासुद्धा गाडी नंबर घालून बिल करते. त्यावरही लोकांची कटकट. एवढ्याशा कामाला बिल कशाला, नंबर कशाला, घाई आहे. घाई मलाही असते.

घाईचंच तर सगळं आहे. सहा-सात वाजता या, तीन गाड्या द्यायच्या असतात, फोन वाजत असतो, दादा आतून पाना मागत असतो, आणि बरोबर त्याच वेळी कुणाचं तरी पेमेंट ‘प्रोसेसिंग’ असतं. कुणी म्हणतो चुकून पाच हजार जास्त गेले, परत टाका, आणि बँकेच्या नावाचा मेसेज दाखवतो जो त्यानेच पाठवलेला असतो. सकाळी अकरा वाजता, गॅरेज रिकामं असताना, यातला एकही येत नाही.

भंगारवाल्याचा राग तर मी वर्षानुवर्षं धरून आहे. ऑइलचे रिकामे कॅन त्याला बुचासकट, लेबल न फाटलेले पाहिजेत. त्याला जास्त भाव देतो. कशासाठी? त्यात काळं गाळलेलं ऑइल भरून परत बाजारात यायला. दादा प्रत्येक कॅनला तळाशी ड्रिल मारतो आणि लेबलावर ब्लेड फिरवतो, मगच पोत्यात टाकतो. भंगारवाला तोंड वाकडं करतो. करू दे. ते नकली ऑइल ज्याच्या इंजिनात जातं त्याचं टॅपेट वाजायला लागलं की तो कंपनीकडे जात नाही, गॅरेजवाल्याच्या गळ्याला येतो. तसंच ते ऑनलाइन स्वस्तात मागवलेले ब्रेक पॅड. “हे लावून द्या, फक्त लेबर घ्या.” पाकिटावरची छपाई पुसट, होलोग्राम नखाने सोलून निघतोय, पॅडचं मटेरियल कडेने आत्ताच सुटलंय. लावणार नाही म्हटलं की आम्ही कमिशनखोर. लावले आणि डिस्क खरवडली की आम्ही अडाणी. मी आता जॉब कार्डवर लिहून घेते, पार्ट ग्राहकाचा, वॉरंटी नाही, आणि ब्रेकचा पार्ट असेल तर लिहूनही लावत नाही.

एक गोष्ट मला खरंच कळत नाही. सराफाच्या दुकानात नोटा मशीनमध्ये मोजतात, तेव्हा कुणाचा अपमान होत नाही. पेट्रोल पंपावर पैसे आल्याचं ऐकल्याशिवाय पोरगा हलू देत नाही, तेव्हा कुणी एक स्टार देत नाही. मग ग्रीस लागलेल्या काउंटरवर मी दोन मिनिटं थांबा म्हटलं की कुणाच्या खानदानाची अब्रू कशी जाते? ज्याने खरे पैसे पाठवलेत त्याला त्या दोन मिनिटांत काय त्रास आहे? आमचे नेहमीचे गिऱ्हाईक स्वतःच म्हणतात, “ताई, आले का बघा, मग निघतो.” त्यांना शिकवावं लागलं नाही.

टायरवाल्याला मी 1930 ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावून दिला होता, आणि ओळीतल्या सगळ्यांना तो नंबर भिंतीवर लिहायला लावलाय. पैसे गेले की आधी तिथे फोन, नंतर रडारड. आता त्याच भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिणार आहे की पैसे खात्यात दिसल्याशिवाय चावी मिळणार नाही, स्क्रीनशॉट चालणार नाही. ज्याला अपमान वाटेल त्याने गाडी लावायच्या आधीच वाचावं.

आणि उद्या ते इन्शुरन्सचा क्लेम करणारे गिऱ्हाईक येणार आहेत. त्यांच्या गाडीचा डावा दरवाजा आम्ही ठोकून, पुटी भरून रंगवलाय, आणि त्यांना बिलावर नवीन दरवाजा लिहून हवाय. वर म्हणतात, सगळेच देतात. सर्व्हेअर आला की सही माझी, शिक्का माझा, आणि खोटं बिल केल्याची केस झाली तर आप्पांचं नाव. बिल मी आजच छापून ठेवलंय, डेंटिंग आणि पेंटिंगचं.