शब्द फक्त सात टक्के, तर मग दर कशाने सांगायचा?

‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के. म्हणून तुम्ही काय बोलता याला महत्त्व नाही, कसे दिसता याला आहे.’ व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतून आणि शाळांच्या वक्तृत्व कार्यशाळांतून हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. आता ते ऑनलाइन मार्केटिंगचं ज्ञान म्हणून व्हॉट्सॲपवर आलंय, पाच कलमांच्या यादीतलं पहिलं कलम होऊन. बाकीची चार अशी: माणसाचं लक्ष आता ८ सेकंदच टिकतं (गोल्डफिश माशाचं ९), लोकांना मरणापेक्षा भाषणाची भीती जास्त वाटते, बोलण्याआधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून छाती काढून उभं राहिलं की शरीरातले हार्मोन बदलतात, आणि व्हिडिओत स्वतः बोलू नका, गाजणारं गाणं लावा.

असले मेसेज मी एरवी वाचून सोडून देतो. हा मात्र आमच्या वहिनींनी मनावर घेतला. वहिनी सोलापूरच्या. त्यांचा बचत गट शेंगा चटणी आणि ज्वारीची कडक भाकरी करतो. माल उत्तम आहे, हे मी घरचा म्हणून सांगत नाही, एकदा नेलेला माणूस पुन्हा मागतो. गटाने इन्स्टाग्रामवर खातं काढलं, कुणाच्या तरी ऑनलाइन वर्गाची फी भरली आणि त्या वर्गात हीच यादी शिकवली गेली. त्यानंतरचा व्हिडिओ मी पाहिला. उखळात चटणी कुटली जातेय, मग वहिनी हसत ताट पुढे करतात, मागे हिंदी गाणं. तोंडातून एक शब्द नाही, खाली एक ओळ नाही. प्रतिक्रियांमध्ये मात्र प्रश्नांची रांग: ‘पाव किलो केवढ्याला?’ ‘किती दिवस टिकते?’ ‘लसूण आहे का? आमच्याकडे चालत नाही.’ ‘पुण्याला कुरिअर करता का?’

मी फोन करून विचारलं, हे सगळं व्हिडिओतच का नाही सांगितलं? तर म्हणाल्या, “भाऊजी, शब्दांना सातच टक्के असतात म्हणे. सरांनी सांगितलंय चेहऱ्यावर मेहनत घ्या. आम्ही सगळ्याजणी आरशासमोर हसायचा सराव करतोय.”

चौथी-पाचवीपासून कष्ट करत आलेल्या बायकांना कुणीतरी फी घेऊन सांगितलं की तुमच्या बोलण्याला किंमत नाही. मला राग आला तो याचा.

तर हे आकडे आले कुठून ते पाहू. ते अल्बर्ट मेहराबियन यांचे, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांचे. १९६७ साली त्यांचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे दोन शोधनिबंध आले. पहिल्या प्रयोगात नऊ सुटे इंग्रजी शब्द घेतले होते. ‘हनी’, ‘डिअर’, ‘थँक्स’ हे गोड. ‘मेबी’, ‘रिअली’, ‘ओह’ हे ना गोड ना कडू. आणि ‘डोन्ट’, ‘ब्रूट’, ‘टेरिबल’ हे कडू. हे शब्द प्रेमळ, सपाट आणि तुसड्या आवाजात म्हणून टेप केले आणि विद्यार्थ्यांना ऐकवले. प्रश्न एवढाच, की बोलणारीला समोरच्या माणसाबद्दल काय वाटत असावं? दुसऱ्या प्रयोगात तर शब्द एकच उरला, ‘मेबी’. तो तीन सुरांत म्हटलेला, आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो: खूश, कोरा, नाराज. पुन्हा तोच प्रश्न, की या व्यक्तीला समोरचा आवडतोय की नाही?

एवढाच प्रयोग. त्यात सलग वाक्य नव्हतं, भाषण नव्हतं, सभा नव्हती, विकायची वस्तू नव्हती. ‘कदाचित’ एवढा एकच शब्द कुणी तुमच्या कानावर घातला आणि विचारलं की हा माणूस तुमच्यावर खूश आहे का, तर तुम्ही सूर आणि चेहराच बघणार. दुसरं बघायला आहेच काय? शब्द मुद्दाम असा निवडला होता की त्यातून आवड-नावड कळूच नये.

आता यादीतला ‘देहबोली ५५ टक्के’ हा भाग घ्या. त्या प्रयोगात देह नव्हताच, फोटोतला चेहरा होता. हात कुठे ठेवायचे, मंचावर किती पावलं चालायचं, तळवे वर की खाली, यातलं काहीही तिथे मोजलेलं नाही. तरी या ५५ टक्क्यांच्या जोरावर हातवाऱ्यांचे वर्ग भरतात. शिवाय शब्द, आवाज आणि चेहरा या तिघांना एकत्र ठेवून केलेला असा प्रयोग त्या दोन्हींत नाही. एकात शब्द आणि आवाज, दुसऱ्यात आवाज आणि चेहरा. दोन्हींचे निकाल जोडून ७, ३८ आणि ५५ हे सूत्र मांडलं गेलं. संशोधक म्हणून त्यांनी ते मर्यादित अर्थाने मांडलं होतं. शिबिरवाल्यांनी मर्यादा गाळली आणि आकडे ठेवले.

मेहराबियन यांनी स्वतःच्या संकेतस्थळावर लिहून ठेवलंय की ही समीकरणं भावना आणि आवड-नावड व्यक्त करण्याबद्दलच्या प्रयोगांतून आली आहेत. बोलणारा आपल्या भावनांबद्दल किंवा आवडीनिवडीबद्दल बोलत नसेल, तर ती लागू होत नाहीत. ज्यांच्या नावावर हा मेसेज फिरतो, त्यांचंच हे म्हणणं. पाव किलो चटणीचा दर ही भावना नाही. ती किती दिवस टिकते हीदेखील नाही.

यात अर्धं खरं आहे, तेही सांगून टाकतो. शब्द एक सांगत असतील आणि सूर दुसरंच, तर माणूस सुरावर विश्वास ठेवतो. ‘या हं एकदा जेवायला’ हे दार लोटता लोटता म्हटलेलं असेल, तर कुणी जेवायला येत नाही. कागदात डोकं खुपसून ‘मला अतिशय आनंद होत आहे’ असं वाचणाऱ्या पाहुण्याचा आनंद शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. आवाज कमवा, समोर बघून बोला, जे बोलताय ते मनापासून बोला, हे सांगणारे शिक्षक योग्यच सांगतात. पण ते सांगायला हे आकडे कशाला लागतात?

आपल्याकडे तर याची उलट उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. आकाशवाणीवरचे शेतीचे कार्यक्रम ऐकून शेतकऱ्यांनी फवारण्या केल्या, बियाणं निवडलं. किती लिटर पाण्यात किती औषध घालायचं हे त्यांना रेडिओच्या खोक्यातून कळलं, आणि सांगणाऱ्याचा चेहरा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. गाडगेबाबांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण ऐका. त्यात खराटा दिसत नाही, अंगावरच्या चिंध्या दिसत नाहीत. तरी माणूस ऐकत बसतो, कारण बाबा प्रश्न विचारतात, लोकांकडूनच उत्तर वदवून घेतात आणि त्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न टाकतात. कर्ज काढून सण करू नका, पोरांना शिकवा, देवापुढे बकरं कापू नका. सगळं वऱ्हाडी बोलीत, ऐकणाऱ्याच्या घरातल्या शब्दांत. श्रोत्यांशी नातं जोडणं म्हणतात ते हे, आणि ते शब्दांनीच जोडलेलं आहे.

ऑनलाइन विक्रीत तर शब्दांवाचून पान हलत नाही. बसमध्ये, कचेरीत, झोपलेल्या बाळाशेजारी माणसं फोनचा आवाज बंद ठेवून व्हिडिओ बघतात. तिथे तुमचा सूर गेला. फोटोची पोस्ट असेल आणि त्यात फक्त बरणी असेल, तर चेहराही गेला. व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगमध्ये फोटोसोबत नाव, किंमत आणि वर्णन लिहायला जागा असते. कुणी गूगलवर ‘सोलापुरी शेंगा चटणी’ शोधलं, तर ते शब्द तुमच्या पानावर असले की तुम्ही सापडायची शक्यता वाढते.

आणि खायच्या वस्तूच्या बाबतीत ही नुसती विक्रीची गोष्ट राहत नाही. पाकिटावर घटक, वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक छापावा लागतो. शेंगदाण्याचा समावेश तर ॲलर्जीच्या दृष्टीने वेगळा सांगायच्या पदार्थांत आहे. शेंगा चटणीत शेंगदाणे असतात हे सोलापूरकराला सांगावं लागत नाही. पण ज्या आईच्या मुलाला शेंगदाण्याचा त्रास आहे आणि जी तुमचा मसाला, तुमची दुसरी एखादी चटणी मागवते, तिला ते शब्दांतच कळायला हवं. ‘बोलू नका, हसा’ हा सल्ला मला घातक वाटतो तो इथे.

वहिनींना मी सांगितलं ते इतकंच होतं: दर, वजन, टिकण्याची मुदत, घटक आणि कुरिअर कुठे जातं, या पाच गोष्टी बोलून सांगा आणि खाली लिहा. लसणाची आणि बिनलसणाची वेगळी दाखवा. भाकरी महिनाभर टिकते म्हणता, तर ती कशी ठेवायची तेही सांगा, डब्याचं झाकण लावून दाखवा. घरात बोलता तशाच सोलापुरी बोलीत बोला. गिऱ्हाईक दारात आलं असतं तर तुम्ही न बोलता नुसत्या हसत उभ्या राहिला असता का? नाही ना.

उरलेल्या कलमांवर फार वेळ घालवत नाही.

आठ सेकंद आणि गोल्डफिश. हा आकडा गाजला तो २०१५ साली, मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या शाखेने जाहिरातदारांसाठी काढलेल्या अहवालातून. अहवालाने तो स्टॅटिस्टिक ब्रेन नावाच्या संकेतस्थळावरून उचलला होता. बीबीसीने २०१७ मध्ये मुळाशी जायचा प्रयत्न केला, तर त्यामागे संशोधन सापडलंच नाही. गोल्डफिशला शिकवलेलं महिनोन् महिने आठवतं, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे, म्हणजे माशाचीही बदनामीच. व्हिडिओ सुरू होताच मुद्दा दिसला नाही तर लोक पुढे सरकवतात, हे खरं. पण तीच माणसं हरिनाम सप्ताहात दोन-दोन तास कीर्तन ऐकतात आणि फोनवर तासाभराची मुलाखत ऐकतात. पहिल्या वाक्यात विषय सांगा, एवढाच यातून घेण्यासारखा धडा आहे.

मरणापेक्षा भाषणाची भीती. याचं मूळ १९७३ सालच्या एका अमेरिकी पाहणीत आहे. लोकांपुढे भीतींची यादी होती आणि ज्या ज्या वाटतात त्यांवर खूण करायची होती. भाषणावर ४१ टक्के लोकांनी खूण केली, मृत्यूवर १९ टक्के. म्हणजे भाषणाची भीती जास्त लोकांना वाटते. ती मरणाहून मोठी आहे असं त्यातून निघत नाही. २०१२ साली दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना विचारलं तेव्हाही भाषणावर खुणा जास्त पडल्या, पण सर्वांत मोठी भीती निवडा म्हटल्यावर सगळ्यांत जास्त मतं मृत्यूला पडली. नवख्या माणसाला ‘तुला मरणाहून मोठी भीती वाटतेय’ असं सांगून धीर येत नाही. उलट जी साधी घालमेल पाच-सहा वेळा बोलून ओसरली असती, ती तो आजारासारखी जपत बसतो.

कमरेवर हात ठेवण्याचं कलम ज्याच्या आधारावर सांगतात, तो ऐटीत बसण्या-उभं राहण्याचा प्रयोग २०१० सालचा, अवघ्या ४२ माणसांवर केलेला. २०१५ साली दुसऱ्या गटाने २०० जणांवर तो पुन्हा केला, तर हार्मोनवरचा परिणाम दिसलाच नाही. माणसांना स्वतःला जरा जोर आल्यासारखं वाटलं, इतकंच. मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनी २०१६ मध्ये जाहीरपणे सांगितलं की हा परिणाम खरा आहे असं मला आता वाटत नाही. उभं राहून बरं वाटत असेल तर राहा, त्यात नुकसान नाही. हार्मोनच्या नावाखाली शिकवू नका. ती दोन मिनिटं भाषणाचं पहिलं वाक्य तीनदा म्हणून पाहण्यात घातली तर उपयोग जास्त होतो.

आणि गाणं. इन्स्टाग्रामवर व्यवसायाचं खातं असेल तर सगळी गाजलेली गाणी वापरता येत नाहीत, ठरावीक संग्रहातलंच संगीत मिळतं. दुसऱ्याचं गाणं धंद्यासाठी वापरायला परवानगी लागते. बायकांच्या गटाने उद्या व्हिडिओचा आवाज बंद झालेला बघून हादरावं, असा सल्ला कशाला द्यायचा? उखळीचा आवाज ठेवा, वर स्वतः बोला.

ही यादी तुमच्या गटात आली, किंवा एखाद्या वर्गात पडद्यावर दिसली, तर शिकवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: ७, ३८ आणि ५५ ज्या प्रयोगांतून आले, त्यांत किती शब्द होते आणि कोणते? उत्तर देता आलं नाही, तर पुढच्या महिन्याची फी भरू नका.