१६०० की १८००? टॉर्कच्या मुद्द्याला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं : पहिल्या ट्रॅक डे गाडीसाठी (ट्रॅक डे म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायचा दिवस) पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मधलं १.६ लिटरचं इंजिन पुरतं, हे माझं मत भाबडं आहे. तीच गाडी १.८ मध्ये मिळत असताना नवशिक्याला कमी टॉर्कची, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या कमी जोराची, गाडी घ्यायला सांगणं म्हणजे त्याला सरळ पट्ट्यावर सगळ्यांच्या मागे उभं करणं. शिवाय तुमच्यासमोर दोन गाड्या आहेत आणि त्यातली कुठली घेऊ, असंही तुम्ही विचारलं आहे. त्याकडे शेवटी येतो.

आधी टॉर्क. १.६ ला सुमारे १३५ न्यूटन मीटर, १.८ ला सुमारे १५०. म्हणजे ११ टक्क्यांचा फरक, आणि तुमचा सगळा युक्तिवाद या आकड्यावर उभा आहे. पण टायरपर्यंत पोचतो तो इंजिनाचा टॉर्क गुणिले गिअरिंग. १.६ च्या मागच्या डिफरन्शियलचं (इंजिनाचा जोर दोन मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरसंचाचं) गुणोत्तर ४.३० आहे, तर १.८ मध्ये सहसा ४.१० असतं. गिअरबॉक्सची गुणोत्तरं दोन्हीकडे सारखीच. त्यामुळे त्याच गिअरमध्ये चाकाशी उरणारा फरक जेमतेम ६ टक्के. त्यात १.८ ची गाडी थोडी जडही आहे. ताकदीतला फरक खरा आहे, सुमारे ११५ विरुद्ध १३० अश्वशक्ती, आणि लांब पट्ट्याच्या शेवटी तो दिसतोच. अमेरिकेतल्या स्पेक मियाटा शर्यतींत (मियाटा हे एमएक्स-५ चंच तिथलं नाव) दोन्ही इंजिनं एकाच वर्गात धावतात, तेव्हा नियमांत वजनं आणि हवेच्या वाटेवरची बंधनं वेगवेगळी ठेवावी लागतात. फरक शून्य असता तर याची गरज पडली नसती. पण नवशिक्याचा लॅप ज्या कारणांनी हळू होतो, त्यांच्यापुढे हा फरक किरकोळ आहे.

ती कारणं वळणात असतात. ब्रेक लवकर सोडणं, स्टीअरिंग घाईने फिरवणं, अपेक्सच्या (वळणाच्या आतल्या कडेच्या बिंदूच्या) आधीच थ्रॉटल देऊन मग बाहेरच्या कडेला जागा कमी पडली म्हणून पाय उचलणं. ताकदवान गाडीत ही चूक पुढच्या पट्ट्यावर भरून निघते आणि चालकाला वाटतं, वळण बरं गेलं. १.६ मध्ये ती भरून निघत नाही. वळणातून बाहेर पडताना ताशी पाच किलोमीटर कमी असतील, तर ते पुढच्या ब्रेकपर्यंत कमीच राहतात, आणि इंजिनाच्या आवाजावरूनही ते कळतं. वेग राखायची सवय अशा गाडीत लवकर लागते. माझ्या आग्रहामागे हेच कारण आहे, आणि प्रतिक्रिया वाचून तो कमी झालेला नाही.

ब्रेकचं गणितही पाहा. चालकासह एक टनाची गाडी ताशी १६० वरून ८० वर आणली, तर ब्रेकना सुमारे ७४० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत घालवावी लागते. तेच ब्रेकिंग १६५ वरून केलं, तर ८०० च्या वर. वेग तीन टक्के वाढला, उष्णता साडेआठ टक्के. आणि हे प्रत्येक लॅपला. माझदाने १.८ सोबत पुढच्या डिस्क २३५ वरून २५४ मिलिमीटर केल्या, ही तुमच्या बाजूची गोष्ट, पण मूळ १.६ मध्ये मोठं इंजिन बसवून ब्रेक तेच ठेवणाऱ्यांना हे आवर्जून सांगायला हवं. हेच नातं २०१५ नंतरच्या चौथ्या पिढीतही आहे : १.५ ला २५८ मिलिमीटरच्या डिस्क, २.० ला २८०. मोठं इंजिन कधी एकटं येत नाही.

तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा मात्र टॉर्कचा नाहीच, डिफरन्शियलचा आहे, आणि तो तुम्ही एका ओळीत उरकला आहे. १.६ चा डिफरन्शियल सहा इंची क्राउन व्हीलचा (आतल्या मोठ्या दातेरी चाकाचा), त्यातला लिमिटेड स्लिप, म्हणजे एकच चाक मोकळं फिरू न देणारी यंत्रणा, व्हिस्कस (घट्ट द्रवावर चालणाऱ्या) प्रकारचा, आणि इतक्या वर्षांनी तो बहुधा थकलेला असतो. १.८ चा सात इंची, दणकट, आणि अनेक गाड्यांत टॉर्सन, म्हणजे गिअरांवर चालणारा लिमिटेड स्लिप. घट्ट वळणातून निघताना आतलं चाक मोकळं फिरायला लागलं, की १३० अश्वशक्ती काय आणि ११५ काय, धूरच होतो. म्हणून बरेच जण १.६ मध्ये मोठा डिफरन्शियल बसवतात. त्यासाठी प्रॉपेलर शाफ्ट आणि अर्धे अ‍ॅक्सलही बदलावे लागतात, आणि तो १.८ मधून काढलेला असेल तर सोबत ४.१० येतं. मग वर सांगितलेला गिअरिंगचा फायदा गेला. दुसऱ्या पिढीच्या काही गाड्यांतला ४.३० चा शोधावा.

पट्ट्यावर सतत मागे पाहावं लागतं, ही तुमची तक्रार रास्त आहे. मोठी गाडी पुढे सोडायला पाय उचलला की १.६ ला पुन्हा वेग गाठायला वेळ लागतो आणि लय तुटते. तरी ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. बऱ्याच ठिकाणी वेळ मोजायलाही बंदी असते, आणि ओव्हरटेकिंग ठरलेल्या जागी, समोरच्याने इशारा दिल्यावरच. आरशात नीट पाहून वेळेत इशारा देणं नव्या चालकाला जितक्या लवकर जमेल तितकं बरं.

आता तुमच्या दोन गाड्या. १९९० ची १.६, व्हिस्कस लिमिटेड स्लिप, रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी नळी) बसवलेला, सिल, म्हणजे दारांखालचे पत्रे, गंजाविना. आणि १९९४ ची १.८, साधा डिफरन्शियल, मागच्या चाकांपुढे सिलला गंज. यात १.६ घ्या. सिलचा गंज वरून दिसतो त्यापेक्षा आत जास्त असतो, आणि रोल बार तर तुम्हाला कुठल्याही गाडीत हवाच. हीच १.८ गंजाविना आणि टॉर्सनसह मिळत असती, तर ती घ्या म्हणालो असतो, टॉर्कसाठी नव्हे, डिफरन्शियल आणि ब्रेकसाठी.

घेण्याआधी एक तपासा. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ मध्ये क्रँकशाफ्टचं नाक (पुली बसते ते पुढचं टोक) आखूड आहे, आणि पुलीचा बोल्ट नीट आवळलेला नसला तर पुली जागेवर धरणाऱ्या धातूच्या छोट्या चावीची खाच झिजते. इंजिन चालू ठेवून पुढची पुली पाहा. ती डगमगत असेल तर गाडी सोडा. ती सरळ फिरत असेल, तर पहिल्या ट्रॅक डेच्या आधी कूलंट, ब्रेक पॅड आणि ब्रेक फ्लुइड बदला. नव्या डॉट ४ दर्जाच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओलावा शोषलेल्याचा मात्र १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि विकत घेतलेल्या गाडीतलं फ्लुइड किती जुनं आहे हे विकणाऱ्यालाही बहुधा माहीत नसतं.