सोल दर्शन, मामांच्या वहीप्रमाणे

सोलला पाहुणे यायचे दोन मोसम. एप्रिलच्या सुरुवातीला चेरी फुलते तेव्हा, आणि ऑक्टोबरात पानं लाल-पिवळी व्हायला लागतात तेव्हा. जुलैतला चिकट पाऊस आणि जानेवारीतली उणे दहाची थंडी ही आम्हां इथे राहणाऱ्यांची खरी सुट्टी. त्या दिवसांत आम्ही कुणाला आठवत नाही.

आम्ही सुवॉनला राहतो. लाइन एकच्या मेट्रोनं सोलच्या मध्यात पोचायला तास-सव्वा तास लागतो. नवरा नोकरीला, आणि मी घरून काम करते. ‘घरून काम करते’चा अर्थ सासरी ‘घरीच असते’ असा घेतात, त्यामुळे पाहुणे फिरवायचं खातं माझ्याकडे. इकडे पाहुण्यांचं विमानाचं तिकीट निघालं, की तिकडे नवऱ्याच्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज लागतं. हा योगायोग इतका पक्का आहे, की मी आता नुसतं रिलीज ऐकलं तरी गाद्या उन्हात टाकते.

गेल्या ऑक्टोबरात नवऱ्याचे मामा-मामी सांगलीहून आले. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, पण खातं मामांमधून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी सोबत शंभर पानी वही आणली होती. पट्टीनं आखलेले रकाने : वार, स्थळ, अंतर, खर्च (वॉनमध्ये), खर्च (रुपयांत), शेरा. एका रुपयाला साधारण सोळा वॉन, त्यामुळे मामा दिसेल त्या आकड्याला सोळानं भागत होते, आणि तेही मोठ्यानं. पाच हजार वॉनची कॉफी समोर आली की भागाकार व्हायचा, तीनशे बारा रुपये पन्नास पैसे निघायचे, आणि मग मामी म्हणायच्या, “यात घरची चहा पावडर आली असती की गं.” कॉफी तोवर निवायची.

वहीतली पहिली नोंद होती ‘मंगळवार : ग्योंगबोकगुंग राजवाडा’. मी म्हटलं, “मामा, मंगळवारी राजवाडा बंद असतो.”

“मंगळवार गणपतीचा वार. शुभारंभाला अडचण यायची नाही,” मामा म्हणाले.

सांगलीच्या गणपतीचा अधिकार कृष्णाकाठी मोठा आहे, पण तो सोलपर्यंत पोचत नाही. ग्वांगह्वामुनचा मोठा दरवाजा बंद होता. मामांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला, जणू मागून कुणाला सांगून काही होतंय का, आणि वहीत शेरा लिहिला : ‘मंगळवारी बंद. कळविण्यात आले नव्हते.’ मी शेजारी उभी होते.

मग चौकातल्या राजा सेजोंगच्या आणि दर्यासारंग यी सुनसिनच्या पुतळ्यांना नमस्कार करून आम्ही चोंग्येचोनकडे निघालो. हा शहराच्या पोटातून जाणारा ओढा. यावर आधी काँक्रीट टाकून रस्ता आणि वर उड्डाणपूल केला होता. २००३ साली ते सगळं काढायला घेतलं आणि २००५ मध्ये ओढा पुन्हा मोकळा झाला. जवळजवळ सहा किलोमीटर. लोक पायऱ्या उतरून खाली जातात, पाण्यात पाय सोडून बसतात, तरुण पोरं-पोरी दगडांवरून पलीकडे उड्या मारतात. सुरुवातीच्या चौकात लाल-निळं, शंखासारखं पिळदार, वीस मीटर उंच शिल्प उभं आहे. मामी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. “हे कुठलं दैवत?” मी म्हटलं, “दैवत नाही, कला आहे.”

मामांनी कलेकडे पाठ फिरवली होती. त्यांनी पाण्याची खोली, वेग आणि भिंतीतली दारं पाहून घेतली. (पाऊस वाढला की ती दारं उघडून पावसाचं पाणी ओढ्यात येतं, आणि त्याआधी माणसांना वर काढतात. या एका व्यवस्थेवर मामांनी अर्धा तास घालवला.) मग मुद्द्याचा प्रश्न आला : “उगम कुठंय?”

मी खरं ते सांगितलं. मुळात हा ओढा वर्षातला बराच काळ कोरडा असायचा. आता हान नदीचं पाणी आणि मेट्रोच्या स्टेशनांतून निघणारं भूजल पंपानं वर आणून सोडतात, रोज सुमारे १ लाख २० हजार टन.

मामा सरळ झाले. ज्या आवाजात त्यांनी आयुष्यभर अहवाल फेटाळले त्या आवाजात म्हणाले, “म्हणजे ओढा नव्हे हा. नळ आहे.”

शेजारी एक जोडपं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून बसलं होतं. त्यांना मराठी येत नव्हतं म्हणून त्यांची संध्याकाळ वाचली.

याच ओढ्याकाठी मामींनी केळी सोलली आणि सालं हातात धरून माझ्याकडे पाहिलं. इथे नव्या माणसाला सगळ्यात मोठा धक्का बसतो तो हा. इतकं स्वच्छ शहर, आणि रस्त्यावर कचऱ्याचा डबा म्हणून सापडत नाही. १९९५ पासून घरचा कचरा विकतच्या पिशवीत भरून टाकायचा नियम आला. पिशवीचे पैसे वाचवायला लोक घरचा कचरा रस्त्यावरच्या डब्यात आणून टाकायला लागले, म्हणून डबेच कमी झाले. ती सालं आमच्याबरोबर दिवसभर फिरली. मामींच्या पर्समध्ये डाव्या कप्प्यात पासपोर्ट, उजव्या कप्प्यात सालं.

जेवणाचं थोडक्यात सांगते, कारण आठवलं की अजून दमायला होतं. मामी माळकरी. इथे ‘भाज्यांचा गिम्बाप’ (समुद्री शेवाळाच्या पापडात गुंडाळलेला भात) म्हणून जो मिळतो त्यात बहुधा हॅम असतं आणि खेकड्याच्या नावानं माशाची कांडी असते. किमची, म्हणजे इथलं आंबवलेलं लोणचं, दिसते कोबीची, पण तिच्यात खारवलेली कोळंबी किंवा माशाचं पाणी. मी प्रत्येक ठिकाणी मांस नको, मासा नको, अंडं नको असं सांगत गेले, आणि मालकीणबाई दर नकाराला जास्त काळजीनं मामींकडे पाहत गेल्या. एकीनं शेवटी पेज आणून दिली. तिला वाटलं, बाई आजारी आहेत. मग मामींनी बॅगेतून सांगलीचं भडंग काढलं आणि पुढचा सगळा मुक्काम त्याच्यावर निघाला.

बुधवारी राजवाडा. तिकीट तीन हजार वॉन, पण हानबोक, म्हणजे तो पारंपरिक घेरदार पोशाख, घालून आलात तर प्रवेश मोफत. मोफत शब्द ऐकून मामांनी वही उघडली. हानबोकचं भाडं काही तासांचं पंधरा-वीस हजार वॉन आहे हे कळल्यावर बंद केली. “तीन हजार वाचवायला पंधरा हजार? हे कुठल्या लेखाशीर्षात बसतंय?” पण मामींनी दुकानाच्या काचेतून कोवळ्या गुलाबी रंगाचा घागरा बघितला होता, आणि चाळीस वर्षांच्या संसारात मामींनी मागितलेल्या गोष्टी तशा कमीच.

दुकानातल्या मुलीनं मामींच्या पंजाबी ड्रेसवरून आधी तारेच्या कड्यांचा परकर चढवला, त्यावर तो घागरा छातीच्या वर बांधला, मग आखूड झगा, पुढे एकाच बाजूला फास सोडलेली लांब फीत. मामी मंगळसूत्र बाहेर काढू का आत ठेवू याच्यात अडकल्या. बाहेर काढलं. केसांना वेणी, वेणीला रेशमी पट्टी. आरशात बघून म्हणाल्या, “लग्नातसुद्धा कुणी इतकं नीट नेसवलं नव्हतं.” मामांनी ते ऐकलं आणि निमूटपणे राजाचा लाल अंगरखा मागितला, छातीवर सोनेरी ड्रॅगनवाला. वर काळी टोपी, खाली बुटांच्या जागी पांढरे स्पोर्ट्स शूज, हातात शंभर पानी वही. दहा वाजता पहारेकऱ्यांची बदली ढोल-शिंगांच्या गजरात सुरू झाली तेव्हा हा महाराज रांगेत सगळ्यांच्या पुढे होता. दोन फ्रेंच बायकांनी त्यांचा फोटो काढला. मामांनी वही पाठीमागे लपवली नाही.

राजवाडा १३९५ चा, १५९२ च्या जपानी स्वारीच्या वेळी जळाला, पावणेतीनशे वर्षं तसाच पडून राहिला, १८६७ साली पुन्हा उभा राहिला. विसाव्या शतकात जपानी राजवटीनं त्यातला बराचसा भाग पाडून पुढ्यातच आपली भली मोठी सरकारी इमारत बांधली, आणि ती कोरियानं १९९५-९६ मध्ये पाडून टाकली. हे सगळं मी पाठ म्हणते. मामांना त्यातलं एकच आवडलं, ते म्हणजे वारंवार निघालेलं बांधकाम. त्यांचा खरा जीव जडला तो राणीच्या महालामागच्या विटांच्या नक्षीदार धुराड्यांवर. आग महालाच्या जोत्यात पेटवायची, धूर फरशीखालून फिरवून खोली गरम करायची आणि पार मागच्या बागेत बाहेर सोडायचा. राजा अंगरखा सावरत जोत्याच्या भोकात डोकं घालून बघत होता. सुरक्षारक्षक आला. राजा उठून उभा राहिला आणि म्हणाला, “ड्रॉइंग आहे का याचं?”

तेवढ्यात मामींना जायचं होतं. तारेचा परकर, त्यावर घागरा, आणि एका माणसापुरती खोली. मी दाराबाहेर. आतून आवाज आला, “अगं, इथं बटणं आहेत. कोरियनमधी.” मी म्हटलं, “काही दाबू नका.” आत शांतता. मग पाण्याचा फवारा, मग मामींचं “विठ्ठला!”, मग गरम वाऱ्याचा घर्र आवाज. बाहेर आल्या तेव्हा चेहरा प्रसन्न होता. मामांनाही स्टेशनाबाहेरचं, बागेतलं, कुठलंही स्वच्छतागृह फुकट आणि चकाचक असतं याचं फार अप्रूप. वहीत राजवाड्याच्या रकान्यात शेरा ‘बरा’, त्याखालच्या ओळीत स्वच्छतागृह, शेरा ‘उत्तम’. माझ्या मते त्यांचं वर्गीकरण चुकीचं नाही. म्योंगडोंगच्या खरेदीच्या बाजारात बघायचं म्हणून तरी काय असतं?

म्योंगडोंगला आम्ही गेलो ते मामींच्या भाचीच्या यादीमुळे. तोंडाला लावायचे कागदी मुखवटे चाळीस, आणि गोगलगायीची क्रीम सहा. मामींना गोगलगाय ही कंपनी वाटली होती. दुकानातल्या मुलीनं फोनवरच्या भाषांतरातून शपथेवर सांगितलं की गोगलगायी मरत नाहीत, त्यांना नुसतं चालवतात आणि चिकट पाणी गोळा करतात.

“म्हणजे घाम काढतात बिचाऱ्यांचा,” मामी म्हणाल्या. मग एकदम उजेड पडला : “तरीच त्या ओढ्यापाशी एवढा मोठा पुतळा उभा केलाय!”

क्रीम घेतली. पिशवी मात्र मामांनी धरायची आणि भडंगापासून लांब ठेवायची, या अटीवर.

नामसानचा मनोरा केबल कारनं. केबल कारपर्यंत चढ, आणि केबल कारमधून उतरल्यावर परत पायऱ्या, हे कुठल्याच जाहिरातीत नसतं. १२३ मजली लोट्टे टॉवर मामांनी खालूनच बघितला, कारण लिफ्टला तिकीट असतं हे तत्त्व त्यांना मान्य नव्हतं. ६५ वर्षांवरच्या इथल्या नागरिकांना मेट्रो फुकट आहे हे समजल्यावर मात्र त्यांनी पाकिटातून एसटीचं सवलतीचं कार्ड काढून गेटच्या यंत्राला टेकवून बघितलं. यंत्र लाल झालं. मामाही.

शुक्रवारी संध्याकाळी बान्पोच्या नदीकाठी गेलो. तिथल्या पुलाच्या दोन्ही अंगांना मिळून १,१४० मीटर लांबीचं कारंजं आहे, मिनिटाला १९० टन पाणी हान नदीतून उचलून रंगीत दिव्यांत परत नदीतच टाकतं. आसपास सगळे चटया टाकून रामेन, म्हणजे रश्शातल्या शेवया, खात होते. मामा उभे. “उचलायचं आणि परत तिथंच टाकायचं. आणि आमच्या उपसा योजनेचं वीजबिल कुणी भरायचं यावर माझी पंधरा वर्षं गेली.” ते दुःख खरं होतं. मी त्यांना शेजारच्या व्यायामाच्या यंत्रांपाशी नेलं.

तिथे टोपी घातलेले एक आजोबा कंबर डावी-उजवीकडे फिरवत होते. कोरियन माणूस आधी वय विचारतो. बोटांनी अडुसष्ट, बोटांनी शहात्तर असा परिचय झाला. मामींनी भडंग पुढे केलं, आजोबांनी मूठभर खाल्लं, डोळ्यांत पाणी आलं आणि परत हात पुढे केला. मग फोनवरच्या भाषांतरातून आडनाव निघालं : किम. गिम्हे घराण्यातले किम.

मामा याच क्षणासाठी सांगलीहून आले असावेत. तेराव्या शतकातल्या एका कोरियन बखरीत गोष्ट आहे, की अयुता नावाच्या देशातून हो ह्वांग-ओक नावाची राजकन्या जहाजानं आली आणि गाया राज्याच्या सुरो राजाशी तिनं लग्न केलं. गिम्हेचे किम स्वतःला त्यांचे वंशज म्हणवतात. अयुता म्हणजे अयोध्या असं मानणारे पुष्कळ आहेत, अयोध्येत तिचं स्मारकही आहे. इतिहासकार यावर फारशी मान डोलवत नाहीत, पण मामांना इतिहासकारांशी कर्तव्य नव्हतं.

“आपली लेक यांच्यात दिलेली. हे तिच्या पोटचे. म्हणजे भाचे झाले की आपले! सांग त्यांना, मी मामा लागतो.”

मी फोनमध्ये बोलले. आजोबांनी दोनदा वाचलं. मग शहात्तर वर्षांच्या भाच्यानं अडुसष्ट वर्षांच्या मामाला कमरेत वाकून नमस्कार केला, आणि काहीतरी लांबलचक बोलून माझ्या फोनकडे बोट केलं. पडद्यावर आलं : उद्या सकाळी मित्रांबरोबर बुखानसानला जातोय. शिखर ८३६ मीटर. पानं लाल झाली आहेत. तुम्ही सर्वांनी यावं.

“मामा, तुमचा गुडघा. शेवटी दोर धरून खडक चढावा लागतो. आणि सुवॉनहून पहिली मेट्रो पकडावी लागेल,” मी म्हटलं.

“भाच्यानं पहिल्यांदा बोलावलंय. नाही कसं म्हणायचं?” वही उघडली गेली. ‘शनिवार : भाच्याकडे. खर्च : शून्य.’

मी बाजूला जाऊन नवऱ्याला फोन लावला. उद्या शनिवार आहे, निदान उद्या तरी तू चल, म्हटलं.

“अगं, रिलीज सोमवारवर गेलंय,” तो म्हणाला. “रविवारचंपण काही सांगू नकोस त्यांना.”