एका ताडपत्रीची पौती

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात भाताची मळणी आणि अवकाळी पाऊस यांचा मुहूर्त बहुधा एकच निघतो, म्हणून गेल्या हंगामाआधी मी अनुदानाची ताडपत्री आणायचे ठरवले. होबळीच्या, म्हणजे तालुक्यातल्या गावांच्या गटाच्या, रयत संपर्क केंद्रात बियाणे, औषधे, ताडपत्री सवलतीत मिळतात हे मला ठाऊक होते. त्यासाठी माणूस शेतकरी असावा लागतो हेही ठाऊक होते, आणि वयाच्या आठव्या वर्षापासून चिखलात उभा असल्यामुळे त्या बाबतीत मी निर्धास्त होतो.

"फ्रूट्स आयडी आहे काय?" खिडकीतून विचारणा झाली.

"आमची फळबाग नाही हो, नुसते भात आहे," असे मी नम्रपणे सांगताच रांगेत हशा पिकला. फ्रूट्स हे कर्नाटकातल्या शेतकरी नोंदणीच्या संगणक प्रणालीचे नाव निघाले. आधार, बँकेचे पासबुक आणि उतारा, ज्याला कचेरीत पहाणी म्हणतात, एवढे जोडले की क्रमांक मिळतो आणि तोच पुढे बहुतेक योजनांना चालतो. मात्र पहाणीच्या 9 व्या रकान्यात, म्हणजे मालकाच्या जागी, आमचे आजोबा होते. ते जाऊन 22 वर्षे झाली, पण 'भूमी'च्या, म्हणजे कर्नाटकच्या जमीन नोंदींच्या, संगणकात ते अजून निष्ठेने जमीन कसत आहेत.

"आधी पौती करून घ्या," असा सल्ला मिळाला. पौती म्हणजे वारसा नोंद. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि वंशावळ लागली, आणि वंशावळ काढताच वर्षानुवर्षे केवळ लग्नपत्रिकेपुरत्या उरलेल्या दोन आत्या सहीसाठी आठवल्या. धाकटी सांताक्रूझहून आली, सही केली आणि जाताना 20 किलो तांदूळ घेऊन गेली. (ही माझी पहिली अनुदान योजना; लाभार्थी आत्या.)

पुढे वडिलांचे नाव अडले. नावाच्या शेवटचा 'आप्पा' आधारवर दोन 'प' घेऊन उभा होता, पासबुकात एक, आणि कन्नड दाखल्यात त्याचा काना गळालेला. "नाळे बर्री," असे एका कचेरीत इतक्या प्रेमाने सांगण्यात आले की मी उद्या खरेच गेलो, परवाही गेलो. सीमेपलीकडे चंदगडात राहणाऱ्या मेहुण्याला केंद्राचे वर्षाला 6000 रुपये आणि 2023 पासून महाराष्ट्राचे आणखी 6000 मिळतात. त्याने फोनवर माझे सांत्वन केले, ते जरा जास्तच आनंदाने. आमचा सीमावाद 1956 पासूनचा आहे, पण त्या आठवड्यात मला एका 'प'पलीकडे कुठलीही सीमा दिसत नव्हती.

भात कापून झाले, आभाळ भरून आले, तेव्हा मी बेळगावच्या बाजारातून पूर्ण किमतीची ताडपत्री आणली. ढिगावर ती ओढत असतानाच फोनवर कन्नडमध्ये संदेश आला. धाकट्याने वाचून सांगितले की नोंदणी मंजूर झाली आहे. पहिले थेंब पडू लागले होते, म्हणून दाखले, वंशावळ आणि तिन्ही प्रकारच्या आप्पांची पिशवीही मी घाईने त्याच ताडपत्रीखाली सारली.