शेड्युल कसं फिरवावं? होतकरू प्लॅनिंग साहेबांसाठी काही हमखास उपाय

अभिनंदन. इंजिनिअरिंग झालं, त्यावर एमबीएचा मुलामा चढला आणि चाकणच्या मोठ्या कंपनीत प्लॅनिंगच्या खुर्चीवर तुम्ही विराजमान झालात. आता तुमच्या हाताखाली पंचवीस-तीस सप्लायर. त्यातले निम्मे भोसरीच्या पत्र्याच्या शेडमधले, तुमच्या वडिलांच्या वयाचे आणि तरीही तुम्हाला ‘साहेब’ म्हणणारे. मी त्यांतलाच एक. कॉम्प्युटरवर चालणारी दोन सीएनसी लेथ मशिनं, एक म्हातारा ट्रॉब लेथ, नऊ माणसं. दुचाकीच्या ब्रेक पेडलची पिन बनवतो. तेवीस वर्षांत तुमच्या खुर्चीवर बसून गेलेल्या साहेबांकडून जे शिकलो, ते तुमच्या हवाली करतो. गुरुदक्षिणा मागणार नाही. माझ्याकडून ती आगाऊच वसूल झालेली आहे.

सुरुवात शेड्युलच्या आकड्यापासून, म्हणजे पुढच्या महिन्यात आम्ही किती माल द्यायचा त्या आकड्यापासून. पुढच्या महिन्यात किती गाड्या खपतील हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. पाऊस, लग्नसराई, पेट्रोल, बँकेचा हप्ता, सगळं त्यात येतं. म्हणूनच तुमचा आकडा ४७,३६० असा ठणठणीत हवा. “पंचेचाळीस ते साठच्या मधे कुठंतरी जाईल, नक्की नाही” असं खरं चुकूनही बोलू नका. खरं बोललात तर समोरचा थोडा जास्त बार (पिना कापायची सळई) आणून ठेवील, एखाद्या शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवील, आणि ऐनवेळी तारांबळच उडणार नाही. मग तुमच्या फोनला कोण विचारतो?

शेड्युलमध्ये ‘फर्म’ आणि ‘टेंटेटिव्ह’ असे दोन रकाने असतात. फर्म आकडा सप्लायरला बांधतो, टेंटेटिव्ह तुम्हाला मोकळं सोडतो. आणि दोन्ही रकान्यांत आकडा एकच असतो.

बदल नेहमी बुधवारी संध्याकाळी सातनंतर कळवावा. गुरुवारी आमची सुट्टी असते.

वाढवायचं असेल तर तोंडी सांगा: “काका, तुम्ही कापून ठेवा, खरेदीचा लेखी पीओ येतोच आहे मागून.” कमी करायचं असेल तर मात्र मेल, तीही वरच्या साहेबांना सीसी ठेवून. हा फरक लक्षात ठेवलात तर तुमची अर्धी कारकीर्द सुखात जाईल.

आता गाडीचं. दिवसाला दोन हजार पिना म्हणजे छोटा हत्तीच्या एका कोपऱ्यात मावणारा माल. तो सगळा एकदम सकाळी घेण्यात मजा नाही. एक हजार सकाळी आठला, एक हजार दुपारी चारला मागवावा, म्हणजे तुमचं स्टोअर रिकामं आणि ऑडिटमध्ये तुमची मान ताठ. साठा गेला कुठं? तो चाकणला तळेगाव चौकातल्या गर्दीत उभा आहे, माझं डिझेल जाळत. चारची गाडी सव्वापाचला पोचली की “गेट एन्ट्री बंद झाली” म्हणावं, रात्रभर ड्रायव्हरला बाहेर झोपवावं, आणि सकाळी व्हेंडर रेटिंगमध्ये वेळेवर न आल्याचे दोन गुण कापावेत. याला जस्ट-इन-टाइम म्हणतात. टोयोटाचं नाव घ्यायला विसरू नका. त्याच टोयोटात आधी रोजचं उत्पादन सपाट करतात, आज इतकं, उद्याही साधारण तितकंच, आणि मग साठा काढून घेतात, हे सांगायला मात्र जरूर विसरा. २०११ च्या भूकंपानंतर त्याच कंपनीनं आपल्या पुरवठादारांना चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला, आणि २०२१ च्या सुरुवातीला जगभरच्या गाड्या चिपवाचून अडल्या तेव्हा ती इतरांपेक्षा निवांत होती, हे तर अजिबातच काढू नका. साठा म्हणजे पाप. तुमच्या आवारात असला तर.

व्हेंडर मीट घ्यावी. लोणावळ्यात. आम्हाला एकदा नेलं होतं. बाहेरून एक सल्लागार आले होते, त्यांनी आम्हाला ‘बिअर गेम’ खेळायला लावला. (बिअर नव्हती. आमच्यातल्या दोघांची फार निराशा झाली.) अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालेला जुना खेळ आहे. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना अशी चौघांची साखळी. गिऱ्हाईक दर आठवड्याला चार पेट्या घेतं, पाचव्या आठवड्यापासून आठ घेतं, आणि शेवटपर्यंत आठच घेतं. गिऱ्हाईकाकडून एवढाच काय तो बदल! पण दुकानदार घाबरून बारा मागतो, त्याच्यामागचा वीस, आणि शेवटी कारखान्यात आधी हाहाकार होतो, मग पेट्यांचा डोंगर. याला म्हणे आसूडाचा परिणाम म्हणतात: मनगट थोडं हलतं, टोक फाडकन वाजतं. साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही नाही वाजवल्या. आम्ही टोकाला बसतो.

आणि आता मुख्य उपाय, ज्याच्यासाठी मी लिहायला बसलो: मागणीचा अंदाज साऱ्या गावाला आलेला असताना तो आपल्याला येऊ न देणे. याचं इतकं सुंदर उदाहरण २०२५ मध्ये घडलंय की ते तुमच्या अभ्यासक्रमात असायला हवं.

जुलैअखेर ऑगस्टचं शेड्युल आलं, ४५,०००. फर्म. मी बार आणला, कापला. १५ ऑगस्टला पंतप्रधान लाल किल्ल्यावरून बोलले की जीएसटी कमी होणार, दिवाळीची भेट. झालं. ज्याला गाडी घ्यायची होती तो म्हणाला, थांबू की दोन महिने, आठ-दहा हजार वाचतील. शोरूममध्ये सेल्समन आपापसांत कॅरम खेळायला लागले. १८ तारखेला तुमचा फोन, “काका, होल्ड करा.” केलं होल्ड. कापलेला बार मशिनशेजारी पडून. ३ सप्टेंबरला कौन्सिलनं नक्की केलं: ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर २८ ऐवजी १८ टक्के, २२ सप्टेंबरपासून. म्हणजे नेमकी घटस्थापना. त्यानंतर दहा दिवसांत दसरा, त्यानंतर अडीच आठवड्यांत दिवाळी. माझ्या गेटबाहेरचा पानवाला त्या दिवशी म्हणाला, “आता बघा, नवरात्रात गाडीला रांग लागंल.” पानवाल्याकडे तुमचं एसएपीचं सॉफ्टवेअर नाही. त्याच्याकडे चुना आहे.

तुमच्याकडून सप्टेंबरचं शेड्युल आलं, १२,०००. मी सगळ्या महिन्यात दोनदा फोन केला, “साहेब, बावीसनंतर वाढणार ना, थोडं करून ठेवू का?” उत्तर: “काका, सिस्टिममध्ये नाहीये. तुमच्या रिस्कवर करा.” बारा हजारांत दुसरी शिफ्ट परवडत नाही. बंद केली. लातूरची दोन पोरं गणपतीला गावी गेली होती, ती तिकडून परस्पर रांजणगावला चिकटली.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. मशिनं धुऊन पुसून, स्वस्तिक काढून, झेंडूचे हार घातलेले. माझ्या हातात नारळ. फोन वाजला. “काका, ऑक्टोबर एक लाख वीस हजार केलंय. उद्यापासून रोज पाच हजार लागतील.” उद्या! दसरा, आणि वर गुरुवार! एका पिनेला मशिनवर ४८ सेकंद लागतात. बावीस तास न थांबता चालवलं तर एका मशिनवर १,६५० नग. दोन मशिनं, ३,३००. उरलेले सतराशे काय आपट्याच्या पानांवर कोरून देऊ? “पण काका, ऑडिटला तुम्हीच रोज पाच हजारांची कपॅसिटी लिहिली होती.” लिहिली होती. सगळेच लिहितात. नाही लिहिलं तर तुम्ही काम देत नाही, आणि तुम्हालाही माहीत असतं की दोन मशिनं म्हणजे किती.

नारळ फोडला आणि लागलो. शेजारच्या शेडमध्ये जादा भावानं जॉबवर्क दिलं. बारवाल्यानं रोख मागितली, कारण त्या आठवड्यात सगळ्या पिंपरी-चिंचवडला तोच बार हवा होता. पिनांना मुलामा देणाऱ्या प्लेटिंगवाल्याच्या दारात अख्ख्या भोसरीचे क्रेट रांगेत. त्याला दिवाळीचा मिठाईचा पुडा मी धनत्रयोदशीच्या आठ दिवस आधी दिला. लक्ष्मीपूजनाला शेडमध्येच दिवा लावला, कारण सीएनसी चालू होतं. भाऊबीजेला बहिणीकडं रात्री साडेनऊला पोचलो, हाताला कूलंटचा वास. मधे दोन वेळा लाइन स्टॉपची धमकी, तुमच्यामुळं आमची लाइन थांबली तर तासाला अमुक हजार तुमच्या बिलातून डेबिट करू म्हणून. केलं सगळं. रोज पाच हजार तयार केले.

२५ ऑक्टोबरला मेल आली. ऑक्टोबरचं शेड्युल सुधारून ७४,०००. माझ्याकडे त्या दिवशी प्लेटिंग होऊन आलेल्या ३८,००० पिना. फोन केला, तर उत्तर, “डीलरकडे स्टॉक जास्त झालाय काका.” म्हणजे गिऱ्हाईक कुठं गेलं नव्हतं, गाड्या खपल्याच. पण आधी तुम्ही झोपलात, मग दचकून उठलात आणि भीतीपोटी दुप्पट मागवलंत. लोणावळ्यात टाळ्या वाजवणारे हेच ते हात. मेलच्या शेवटी एक ओळ होती: सप्लायरकडील जादा साठ्याची जबाबदारी सप्लायरची राहील.

पैशाबद्दलही एक युक्ती राहिली. २००६ च्या कायद्यानं आम्हा लहानांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. २०२३-२४ पासून तर मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. घाबरू नका. व्याज मागायचा हक्क माझा आहे आणि पुढचं शेड्युल तुमच्या हातात आहे. आजवर एकदाही मी व्याज मागितलेलं नाही.

आणखीही लिहिणार होतो. ड्रॉइंग ऐनवेळी कसं बदलावं, रिजेक्शन महिनाअखेरीला का काढावं. पण आता मला उपरोध जमेना.

अरे बाबा, माझ्या पुतण्याच्या वयाचा आहेस तू. तुला ‘साहेब’ म्हणायला मला काही वाटत नाही, पोटासाठी म्हणतो. पण तुझ्या त्या कॉलेजात शिकवलेलं तूच विसरलास का? पेपरवाल्याचं गणित सगळ्यात आधी शिकवतात. अप्पा बळवंत चौकात पहाटे पेपर उचलणारा पोरगा किती अंक घेतो? एक अंक कमी पडला तर किती बुडेल आणि एक उरला तर किती बुडेल, दोन्ही तोलून घेतो. तो हिशेब बरोबर येतो, कारण दोन्ही नुकसानं त्याच्याच खिशातली आहेत. तुझ्या हिशेबात लाइन थांबली तर तुझी नोकरी जाते आणि माल उरला तर तुझं काहीच जात नाही. मग गणित तुला काय सांगणार? मागव, मागव, अजून मागव! तुझं कॉम्प्युटर चुकत नाहीये. रद्दी दुसऱ्याच्या घरात टाकायची ठरवल्यावर ते दुसरं काय सांगेल?

मागणी अनिश्चित असते हे मला शिकवू नकोस. नोटाबंदी मी या शेडमध्ये काढली. २०१७ च्या मार्चअखेर सुप्रीम कोर्टानं जुन्या प्रदूषण निकषाच्या बीएस-३ गाड्या विकायला बंदी केली तेव्हाही इथंच होतो. लॉकडाऊनमध्ये नऊ माणसांचे पगार कसे दिले ते माझ्या बायकोच्या पाटल्यांना विचार. अनिश्चिततेबद्दल माझं भांडण नाही. भांडण हे आहे की ती वरून निघते तेव्हा सगळ्यांची असते, आणि खाली येता येता एकट्या माझी होते. पाच हजार कोटीवाल्याला जो धक्का सोसत नाही तो दोन मशिनवाल्यानं सोसायचा, आणि वर “ॲडजस्ट करा काका” ऐकायचं?

फार मागत नाही. चार आठवड्यांचा आकडा गोठव. त्यातला कापायला सांगितलेला माल उचल, नाही उचललास तर पैसे दे. त्यापुढच्या महिन्यांसाठी कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, असे दोन आकडे दे. मधली तयारी मी करीन, अर्धी जोखीम घेऊन करीन, पण अर्धी. आणि काही कळत नसेल तेव्हा “कळत नाहीये” एवढं फोनवर सांग. मला राग येणार नाही.

आणि त्या उरलेल्या पिनांचे क्रेट उचल. एकोणीस आहेत, दारातच आहेत, वरच्या दोनांत पिनांवर पांढरा गंज दिसायला लागलाय. सकाळी मशिनवाल्या पोराला त्यांच्यावर चढून आत यावं लागतं.